शेवट वाचलाव का तुम्ही?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब बघतो. तिथं पॅकिंगला एक पोरगा आहे. डझनाच्या गठ्ठ्यांना पट्ट्या मारतो आणि बी.ए.चं दुसरं वर्ष बाहेरून करतो. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मी पुस्तक उघडतो, हे त्यानं बघून ठेवलं असावं. एकदा म्हणाला, "सर, मला बी एखादं चांगलं सांगा की."

मला एवढं निमित्त पुरतं. दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या हातात आनंद यादवांचं 'झोंबी' ठेवलं आणि वर दहा मिनिटं भाषण दिलं. शाळेसाठी बापाशी झुंजणारं पोर, कागलचं रान, भाषा अशी की पानाला मातीचा वास यावा, १९९०चं साहित्य अकादमी. भाषण चांगलं झालं असणार, कारण लूमवरचे दोघं डबा खायचे थांबून ऐकत होते.

तीन आठवड्यांनी त्यानं पुस्तक परत आणलं. वर्तमानपत्राचं कव्हर घालून, कोपरे न दुमडता.

"शेवटची पानं रात्री दीड वाजता वाचलो सर. मग झोपच न्हाई. तुम्हाला शेवट कसा वाटला?"

"छान आहे की," मी म्हणालो.

"छान?" तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी सरळ, कसलाही खोडसाळपणा न करता त्यानं विचारलं, "शेवट वाचलाव का तुम्ही?"

पुस्तक उघडून त्यानं दाखवलं. पान २३१. तिथं आमच्याच कारखान्याचं तीस-साठ साइजचं लेबल खूण म्हणून ठेवलेलं होतं. माझंच. "हे इथंच होतं. मी काढलो न्हाई, म्हटलं तुमचं चालू असंल."

चालू? ते लेबल सहा वर्षांपूर्वीच्या छपाईचं होतं. त्याच्यानंतर आमच्या लेबलचा रंगसुद्धा बदलला.

मी त्याला खोटं सांगितलं नव्हतं. पहिल्या २३१ पानांबद्दल मी जे बोललो ते मनापासून होतं. पण घरी येताना बसमध्ये एक गोष्ट लक्षात आली आणि ती पुढं वर्षभर मला सुटली नाही. पुस्तक अर्ध्यावर असतं तेव्हा माझा उत्साह सगळ्यात जास्त असतो, आणि नेमका तेव्हाच मी ते चार जणांना सांगून टाकतो. एकदा सांगून झालं की पुस्तकाची निकड संपते. जणू पुस्तक वाचायचं ते सांगण्यापुरतंच होतं. दूध तापायच्या आत वास घेऊन गॅस बंद करावा तसा प्रकार.

मग संक्रांतीच्या सुट्टीत मी ठरवलं, की एकदा अर्धवट पुस्तकांची तेरीज काढायचीच. घरचे सगळे गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला गेले होते. होम मैदानावर पाळणे, भांड्यांचे स्टॉल, बटाटेवडे तळणारे, आणि गर्दी. मी पाय दुखतात म्हणून घरी राहिलो. पाय खरंच दुखत होते, पण तेवढं काही नाही. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरात पुस्तकं तीन ठिकाणी आहेत: लोखंडी रॅक, दिवाणाची पेटी आणि माळा. सगळी खाली घेतली. ऑफिसातून आणलेलं एक कोरं खातेवहीचं पुस्तक उघडलं आणि रकाने आखले. पुस्तक, विकत घेतल्याची तारीख, सोडलं ते पान, खूण काय सापडली, कारण.

एकूण ३१८ पुस्तकं. त्यातल्या ६३ पुस्तकांच्या पोटात खूण होती. म्हणजे पाचातलं एक अर्धवट. मी घरादाराला 'वाचणारा माणूस' म्हणून माहीत आहे.

खुणांचाच एक वेगळा लेख होईल. हुतात्मा एक्सप्रेसची तिकिटं सात. ती सगळी ७० ते ११० या पानांत. पुण्याला पोचायला चार तासांच्या आसपास लागतात आणि तेवढ्यात माझी तेवढीच पानं होतात. उतरलं की पुस्तक बॅगेत, बॅग माळ्यावर. एका पुस्तकात भाच्याच्या लग्नाच्या पत्रिकेतला गणपती होता. भाच्याचं पोरगं आता तिसरीत आहे. एका पानावर शेंगाचटणीच्या तेलाचा डाग पडून पलीकडची अक्षरं अलीकडे दिसत होती. आणि एका जाड चरित्रात, पान ५६ आणि ५७च्या मध्ये, पाचशेची जुनी नोट. २०१६ साली ८ नोव्हेंबरला जी रद्द झाली त्यातली. ते चरित्र मी वेळेत पुरं केलं असतं तर पाचशे रुपये वाचले असते. बायकोला मी ही नोट दाखवली नाही. तिला हा लेख वाचूनच कळेल, आणि हा ती शेवटपर्यंत वाचेल का, हा प्रश्न आहेच.

'कारण' हा रकाना भरताना घोळ झाला. बहुतेक ठिकाणी मला कारण आठवेना. पहिल्या पानावर नाव आणि तारीख घालायची मला जुनी सवय आहे, त्यामुळे निदान तारखांचा रकाना पक्का होता. तोच बघत बसलो तेव्हा एक गोष्ट उघडी पडली. ६३ पैकी ४४ पुस्तकं २०१६नंतर घेतलेली. त्याआधीच्या वीस-बावीस वर्षांची मिळून फक्त १९.

मला वाटलं, सापडलं! २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं. त्यानंतर माझ्या हातात संध्याकाळी पुस्तकापेक्षा मोबाईल जास्त असतो, हे खोटं नाही. मोबाईलनं वाचन मारलं, असं मी त्या रात्री जेवताना जाहीर केलं. गड्ड्यावरून दमून आलेल्या बायकोनं भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, "मग ते परवाचं दोन दिवसांत कसं संपवलंत?"

ते परवाचं म्हणजे एक नवी कादंबरी, मोठ्या टाइपातली.

"आधी डोळे तपासा," ती म्हणाली. "औषधाच्या बाटलीवरचं मला वाचायला लावता, आणि म्हणे मोबाईल."

दुसऱ्या दिवशी खातेवहीत मी एक रकाना वाढवला: टाइप. मोठा, मध्यम, बारीक. ४४ पैकी ३१ बारीक निघाली. जुन्या आवृत्त्या, स्वस्त आवृत्त्या, एका पानात दोन पानांचा मजकूर कोंबलेली. नवी पेठेत जाऊन डोळे तपासले. पावणेदोनचा नंबर. ४३व्या वर्षी लागलेली चाळिशी मी ५२व्या वर्षापर्यंत अंगावर काढली होती आणि नऊ वर्षं मोठमोठ्या लेखकांना संथ, कंटाळवाणं, पकड न घेणारं म्हणत होतो. त्यातल्या दोघांबद्दल तर मी लोकांना तसं सांगितलंही होतं. "सुरुवात बरी आहे, पुढं लांबण लावलंय." लांबण कसली, डोळ्यांना रग लागत होती.

चष्म्यानं सगळं सुटलं असतं तर लेख इथंच संपला असता. सुटलं निम्मं. फेब्रुवारी-मार्चात अकरा पुस्तकं झाली, आणि झाली ती मजेत झाली. बाकीची बघितली की पूर्वीसारखाच हात आखडायचा.

मग नियम सुरू झाले. पहिला नियम, रोज वीस पानं. महिनाअखेरीला हिशेबाची कामं वाढली आणि वीसची थकबाकी साठत गेली. एका शनिवारी माझी स्वतःकडे १४० पानं येणं निघाली. ती वसुली करायला बसलो तर शब्दांवरून डोळे फिरत होते, आत काही जात नव्हतं. दुसरा नियम, एका वेळी एकच पुस्तक. हा तर आठवड्यातच मोडला, कारण गाडीतलं पुस्तक, डब्यासोबतचं पुस्तक आणि रात्रीचं पुस्तक ही माझ्याकडे तीन वेगळी खाती आहेत. रात्री दुष्काळाचं वाचवत नाही. डब्यासोबत तर मुळीच नाही.

आणि मे महिना आला. सोलापूरचा मे ज्यानं काढला नाही त्याला सांगून कळणार नाही. पारा ४३च्या पुढे, दुपारी पंखा गरम हवा खाली ढकलतो, पुस्तकाचा डिंक सैल पडतो. मी खातेवही काढून बघितलं, तर तारखांचा मेळ लागतो तेवढ्या पुस्तकांत एप्रिल-मेमध्ये सोडलेली सगळ्यात जास्त. हे कारण मात्र मी मनापासून मंजूर केलं. उन्हाळ्यात गच्चीवर चादर टाकून रात्री टॉर्चच्या उजेडात जे वाचून होईल ते. बाकी जूनमध्ये बघू.

याच दिवसांत आईशी बोलणं झालं. आई ऐंशीच्या घरात आहे. अर्धवट सोडू नये, हे माझ्यात तिच्याकडूनच आलंय. ताटात टाकू नये, पोथी मध्ये उघडी ठेवून उठू नये, अध्याय सुरू केला की संपवूनच पाणी प्यावं. मी लहान असताना तिचं गुरुचरित्राचं सप्ताह-पारायण चालू असलं की घरात आवाज करायची टाप नव्हती. सात दिवस म्हणजे सातच दिवस. पुस्तक अपुरं राहिलं की मला जी टोचणी लागते ती शाळेनं लावलेली नाही, या पारायणांनी लावलेली आहे, असं मला कायम वाटत आलंय. म्हणून मी तिला सगळी खातेवही वाचून दाखवली. वाटलं, रागावेल.

ती म्हणाली, "मी रोज काय वाचते?"

"शिवलीलामृत."

"कितवा अध्याय?"

"अकरावा."

"तीस वर्षं अकरावाच वाचतेय. मला कुणी अर्धवट म्हणालं का?"

मला हसू आवरेना. शिवलीलामृत लिहिणारे श्रीधर आपल्याच सांगोल्याजवळच्या नाझऱ्याचे. १७१८ साली बारामतीत त्यांनी हा ग्रंथ पुरा केला. पण घरोघर रोज वाचला जातो तो एकटा अकरावा, रुद्राध्याय. सगळी पोथी श्रावणात नाहीतर शिवरात्रीला. बाकी वर्षभर अकरावा वाचला की झालं. म्हणजे ज्या परंपरेच्या धाकानं मी ६३ पुस्तकांपुढं गुन्हेगारासारखा बसलो होतो, तिनंच एक पळवाट आधीपासून ठेवलेली होती. पळवाट म्हणू नये कदाचित. आईला तो अध्याय पाठ आहे, तरी ती पुस्तक समोर धरते, ओळीवर बोट ठेवते. संपवायचं म्हणून ती वाचतच नाही.

दुसरा धक्का एका वाचनालयात बसला. नाव सांगत नाही, कारण तिथं मला उशिराबद्दल पुष्कळ दंड झालेला आहे आणि त्यातला एक चुकीचा होता, यावर मी अजून ठाम आहे. त्या वाचनालयाच्या भिंतीवर रंगनाथन यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं लावलेली आहेत. १९३१ची. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, अशी. पुस्तक बदलायच्या रांगेत उभं राहून ती मी शंभर वेळा वाचली असतील. त्या दिवशी चौथ्यावर नजर अडकली: वाचकाचा वेळ वाचवा. ते सूत्र ग्रंथपालासाठी आहे, कपाटाची रचना, सूची वगैरे. पण मी ते माझ्यासाठी लावून घेतलं. आणि तिसरंही. माझ्या माळ्यावरच्या काही ग्रंथांचा वाचक मी नव्हतोच. मी त्यांना नुसता अडवून बसलो होतो.

हिशेबनीसाला यापुढचं सोपं होतं. येणं बुडालंय हे मान्य करायला कारखानदार जेवढे कचरतात तेवढाच मी कचरत होतो. जूनमध्ये खातेवहीत एक नवं पान उघडलं आणि वर लिहिलं: बुडीत खाते. त्यात २४ पुस्तकं टाकली. पन्नास पानं वाचून पुढं जावंसं वाटलं नाही, पुन्हा पंधरा वाचली तरी वाटलं नाही, की बुडीत. लेखक कितीही मोठा असो. त्यातले दोन-तीन असे आहेत, की नावं सांगितली तर काही जण माझ्याशी बोलायचं बंद करतील. भेट म्हणून आलेली पुस्तकं बुडीत टाकताना मात्र प्रत्येक वेळी देणाऱ्याचा चेहरा समोर यायचा. त्यातली दोन मी अजून दिवाणाच्या पेटीत लपवून ठेवलीत.

जूनमध्येच, १८ तारखेला, मारुती चितमपल्ली गेले. इथंच, सोलापुरात. ते १९३२ साली जन्मले तेही इथंच. गेले त्याच वर्षी, २०२५ साली, त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. २००६ साली सोलापुरात साहित्य संमेलन भरलं त्याचे ते अध्यक्ष होते आणि मी त्या संमेलनातल्या पुस्तकांच्या स्टॉलवरून दोन पिशव्या भरून घरी आलो होतो. त्या दोन पिशव्यांतली नऊ पुस्तकं माझ्या ६३च्या यादीत होती. अध्यक्षांचंच 'चकवाचांदण' त्यात. गावातला माणूस, गावातलं संमेलन, आणि खूण पान ९०वर. बातमी वाचली त्या रात्री ते काढलं. लाज वाटून काढलं, हे कबूल. पण दोन रात्रींनंतर लाज गेली आणि पुस्तक राहिलं. इथल्या लहानपणापासून ते विदर्भातल्या जंगलांपर्यंत हा माणूस चालत जातो, आणि चालतो तेही हळू, झाडाझाडापाशी थांबत. वनखात्यातल्या नोकरीत रानातल्या लोकांकडून त्यांनी पक्ष्यांची, झाडांची नावं एकेक करून गोळा केली. मी पूर्वी त्यात 'कथानक' शोधत होतो, हीच चूक. शेवटचं पान आषाढात झालं.

त्याच पिशवीतलं दुसरं, त्र्यं. वि. सरदेशमुखांचं 'डांगोरा एका नगरीचा'. तेही सोलापूरकर, या कादंबरीला २००३चं साहित्य अकादमी. गावातली जुनी वाचणारी माणसं त्यांचं नाव आवाज खाली करून घेतात. मी ते दोनदा सोडलं होतं. तिसऱ्या वेळी मी एक युक्ती केली आणि ती मला फळली. सोडलेल्या पानापासून पुढं जायचं नाही, पहिल्यापासूनही नाही. खुणेच्या मागची दहा-बारा पानं वाचायची आणि एका चिठ्ठीवर पात्रांची नाती लिहून तीच चिठ्ठी खूण म्हणून वापरायची. पुस्तक बंद करताना चिठ्ठीवर एक ओळ: आता कोण कुठं आहे. आठवडा मध्ये गेला तरी धागा सापडतो. कारखान्यात बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, संपलं की नव्या बीमचे धागे जुन्या धाग्यांच्या टोकांना एकेक करून गाठतात. सगळा ताणा पुन्हा पहिल्यापासून भरत कुणी बसत नाही. रोज डोळ्यासमोर असलेली गोष्ट मला पुस्तकाबाबत सुचायला एवढी वर्षं लागली.

अजून एक शहाणपण उशिरा आलं. प्रस्तावना शेवटी वाचायची. आपल्याकडच्या कित्येक प्रस्तावना चाळीस-चाळीस पानांच्या असतात आणि कोण मरतं, कोण कुणाला सोडतं, हे तिसऱ्या पानावर सांगून मोकळ्या होतात. माझ्या यादीतली पाच पुस्तकं प्रस्तावनेतच अडकली होती! म्हणजे पुस्तक मी सुरूच केलं नव्हतं आणि सोडलं मात्र होतं. वाचनालयातली पुस्तकं तर त्याच्याही पुढं. आधीच्या वाचकानं पेन्सिलीनं 'शेवट दुःखी आहे, वाचू नये' असं लिहून ठेवलेलं मी स्वतः दोन पुस्तकांत बघितलंय.

या सगळ्यात सांगण्याची सवय काही सुटली नाही. फक्त आता मी पान सांगून सांगतो. "मी १४०पर्यंत वाचलंय, तिथपर्यंतची हमी माझी." लोक हसतात, पण पुस्तक नेतात. कारखान्यात एक गंजकं लोखंडी कपाट रिकामं पडलं होतं. मालकांना विचारून ते जेवणाच्या शेडमध्ये आणलं आणि बुडीत खात्यातली पुस्तकं त्यात ठेवली. माझ्यासाठी बुडालेलं एक पुस्तक वॉर्पिंगवरच्या अण्णांनी चार दिवसांत संपवलं आणि वर मला म्हणाले, "एवढं चांगलं सोडलाव कसं बे तुम्ही?" अण्णा घरी तेलुगू बोलतात, वाचतात मराठी.

ज्यांची पुस्तकं अर्धी राहतात, त्यांना मी हल्ली काय देतो ते सांगतो. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'. १९३९चं, पण कालचं वाटतं. युरोपातून मुंबईकडे येणारं जहाज, डोक्यावर महायुद्ध, जहाजावर देश सुटलेले ज्यू. लहान पुस्तक आहे, हुतात्मा एक्सप्रेसमध्ये कुर्डुवाडी-दौंड करता करता संपतं. नाही संपलं तर पुण्याच्या फलाटावर बाकड्यावर बसून संपवाल, पण बॅगेत टाकणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' सोलापूरकराला द्यायला मला विशेष आवडतं, कारण माणदेश आपल्या शेजारचा. ते धनगर, ती मेंढरं, पावसाची वाट बघणारं ते आभाळ आम्हाला समजावून सांगावं लागत नाही. एक पोरसवदा मास्तर त्या वाडीत जातो, गावाला हाताशी धरून तालीम बांधतो, आणि मग दुष्काळ येतो. त्यातला कारभारी मला आमच्या आजोबांसारखा वाटतो, पण ते सोडा. वाक्य इतकं आखूड, की दमायला जागाच नाही.

ज्याला जाड पुस्तकाची भीती आहे पण महाभारत आवडतं, त्याला इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण, एकेकावर एकेक लेख. कुठूनही उघडा. मी ते पंधरा वर्षांत तुकड्यातुकड्यानं वाचलंय आणि सगळे लेख झालेत का, याची मला आजही खात्री नाही. तो माझा अकरावा अध्याय आहे. आणि 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळक समोर बसून गप्पा मारल्यासारख्या लिहितात, वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण वाचताना मी बसमध्ये मोठ्यानं हसलोय. ते मी बायकोला दिलं. तिनं पुरं केलं आणि मग मला ऐकवलं, की लक्ष्मीबाईंचे यजमान रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं आणि ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. "पण माझ्या भरवशावर राहू नका," ती म्हणाली. "तुमची ती ६३ मी काही पुरी करणार नाही."

यंदाच्या संक्रांतीला वर्षाचा ताळेबंद मांडला. ६३ पैकी २१ पुरी, २४ बुडीत, १८ मागील शिल्लक. आणि वर्षभरात नवी अर्धवट झालेली सात. त्यातलं एक मला त्या पॅकिंगच्या पोरानं सुचवलेलं, नव्या लेखकाचं. ते मी ६२व्या पानावर सोडलंय. त्याला अजून सांगितलेलं नाही. 'झोंबी' मात्र पुरं केलं, त्याच पोराच्या कव्हरासकट, आणि रात्री दीडपर्यंत नाही तरी सव्वाबारापर्यंत जागलो.

शिल्लक १८मध्ये सगळ्यात वरचं नाव भालचंद्र नेमाड्यांच्या 'हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ' या कादंबरीचं. २०१० साली ते आलं तेव्हा मी पहिल्या महिन्यात घेतलं होतं. खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावरून निघतो, वडील मरणाला टेकलेत म्हणून गावाकडे येतो, आणि त्या वाटेवर सहाशे पानांच्या आसपास पसरलेली अडगळ. चार वेळा सुरू केलं. चार खुणा आत आहेत, एकाच्या पुढं एक. चौथी १८८वर. 'झोंबी'च्या नंतर मी तेही त्या पोराला दिलं होतं एकदा, आणि तिसऱ्या दिवशी ते मुकाट्यानं टेबलावर परत आलं होतं. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

मागच्या आठवड्यात त्यानं ते माझ्या टेबलावरून आपणहून उचललं. मी काही बोललो नाही. काल जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या शेजारी येऊन बसला, डबा उघडला, पुस्तक मांडीवर घेतलं. माझ्या चारही खुणा जागच्या जागी होत्या. त्यांच्या पुढं बऱ्याच अंतरावर पाचवी, पॅकिंगच्या निळ्या पट्टीचा तुकडा.

"सर, तुमच्या पुढं गेलो मी," तो म्हणाला. "काय होतंय सांगू का?"

"नको," मी म्हणालो. "सांगितलास तर सगळा माल पुन्हा मोजायला लावीन."

तो हसला आणि वाचायला लागला. मी चष्मा पुसला, आणि त्याचं होईपर्यंत दुसरं काय काढावं म्हणून कपाटाकडे गेलो.